गोळ्याचं माप जुळेना

सलग आठ दिवस मी एका बंद दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून काढले. आत एक गोळा होता, मी घडवलेला, आणि त्याचं माप काही केल्या जुळत नव्हतं. माप चालू असताना आत जायची मला बंदी. का, तर माणसाच्या अंगाची ऊब. माझ्या अंगात आता किती ऊब उरली आहे ते माझं मला माहीत. घाटकोपरच्या थंडीतसुद्धा मला पायात मोजे लागतात. पण तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आत नुसत्या उभ्या राहिलात तरी गोळा फुगतो."

"मला बघून?" मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. पहिल्या दोन दिवसांनंतर त्या हसायच्याच बंद झाल्या.

मी भिंगं पॉलिश करणारी बाई. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात चाळीस वर्षं तेच केलं. शिक्षण चौथी. गोळ्याचं घनफळ काढायचं गणित वरच्या वर्गात असतं, तिथपर्यंत मी पोचलेच नाही. पण काच सपाट आहे की नाही, भिंगाचा बाक बरोबर आला की नाही, हे मी पिवळ्या दिव्याखाली बघून सांगत असे. तयार काचेवर तपासायची काच ठेवली की मध्ये रंगीत पट्टे दिसतात. पट्टे सरळ आले की काम चांगलं, वाकडे आले की परत घासायचं. कुणी कितीही शिकलेला असो, त्या पट्ट्यांपुढे वाद चालत नाही.

रिटायर होऊन घरी बसले होते. नातवंडं मोठी झाली, टीव्ही बघून डोळे दुखायला लागले. तेवढ्यात जुन्या शेठचा मुलगा घरी आला. आता तोच शेठ. मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखते, म्हणून मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला मावशी म्हणतो. त्याने एक काम घेतलं होतं. सिलिकॉनचा गोळा करायचा. मोठ्या मोसंबीएवढा, वजन किलोच्या आसपास, आणि गोल म्हणजे अगदी गोल.

"मशीन आहे," तो म्हणाला, "पण शेवटचा हात मशीनने जमत नाही. पोरं घाबरतात."

"कशासाठी हवा आहे एवढा गोल?"

त्याने सांगितलं ते मला पटलं, म्हणून इथे लिहिते. गोळ्याचं वजन तराजूवर कळतं. तो किती जागा व्यापतो तेही अगदी पक्कं कळलं, तर त्याची घनता पक्की झाली. मग असा गोळा एखाद्या पातळ पदार्थात बुडवून तोलला की त्या पदार्थाची घनता कळते. दूध, तेल, पेट्रोल, औषधं मोजणारी जी यंत्रं असतात ती तपासायला शेवटी असा एखादा गोळा लागतो. जागा किती व्यापतो हे काढायला आकार ठाऊक हवा, आणि गोल वस्तूचा आकार सगळ्यांत सोपा. एक व्यास मोजला की झालं. अर्थात ती खरोखर गोल असेल तर.

वर्ष गेलं त्यात. राळ लावलेल्या दोन वाट्यांमध्ये गोळा फिरत राहतो, वरून दुधासारखं पातळ पॉलिश सोडायचं. वाट्या गरम झाल्या की थांबायचं, थंड झाल्या की परत सुरू करायचं. शेवटी शेवटी मी हातातल्या राळेच्या वाटीनेच एकेक भाग उतरवत होते. सिलिकॉन काचेसारखं दिसत नाही. तो गोळा म्हणजे काळसर आरसा होता. त्यात बघितलं की मला माझं नाक भलतं मोठं दिसायचं.

पॉलिश केलं की गोळा लहान होतो. गिऱ्हाइकाने खालची हद्द ठरवून दिली होती, तिच्यापेक्षा लहान गोळा त्यांच्या कामाचा नाही. मी थांबले तेव्हा आम्ही त्या हद्दीला टेकलो होतो. आणखी एकदा वाटीवर चढवला असता तर वर्षाचं काम भंगारात. दुसरा गोळा नव्हता. म्हणून मोजायला देताना मी शेठला बजावलं, "आता याला घासायचं नाही. काही निघालं तरी नाही."

"नाही गं मावशी," तो म्हणाला.

मोजणारी प्रयोगशाळा आमच्या इस्टेटपासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या तळघरात. मॅडमनी मला पहिल्या दिवशी यंत्र दाखवलं. समोरासमोर दोन काचा, मध्ये गोळा ठेवायला छोटं आसन, आणि दोन्ही बाजूंनी लेसरचा लाल उजेड. त्यांनी कॉम्प्युटरवर पट्टे दाखवले आणि मला बरं वाटलं, कारण हे माझेच पट्टे होते. आम्ही पिवळ्या दिव्याखाली डोळ्यांनी बघायचो, यांचं यंत्र मोजून बघत होतं, एवढाच फरक.

मापायची रीत घरातल्यासारखी आहे. दोन भिंतींमध्ये कपाट ठेवलं आहे आणि त्याची रुंदी हवी आहे. आधी भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मग कपाटाच्या डावीकडे किती जागा उरली, उजवीकडे किती उरली ते मोजा. वजा करा, उरलं ते कपाट. इथे भिंती म्हणजे त्या दोन काचा आणि टेप म्हणजे लेसर. यंत्र गोळा जरासा उचलतं, ठरलेल्या कोनात फिरवतं, पुन्हा ठेवतं आणि पुन्हा मोजतं. असे पुष्कळ व्यास मोजून त्यातून घनफळ निघतं. केसाचे उभे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याचासुद्धा फरक त्याला दिसतो.

"एकदा मोजून भागत नाही का?" मी विचारलं.

"नाही. बाहेर काढून, धुऊन, परत ठेवून तेच माप आलं, तरच ते खरं."

हेही मला पटलं. अडचण धुण्याची होती. त्यांच्या माणसाने धुतलेल्या गोळ्यावर ओघळ राहिले होते. मी ते बघितले आणि म्हटलं, द्या इकडे. मी धुतला. मॅडमनी भिंग लावून बघितलं, डाग नाही. म्हणाल्या, "मावशी, रोज तुम्हीच या." त्यांनी मला दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या वाट्या दिल्या. "यांतूनच धुवा, गोळा हातात घेऊ नका." बाजूच्या छोट्या खोलीत मी हातमोजे घालून स्पिरिट ओतायचे, मऊ कापडाने पुसायचे, दार लावून. धुतला की गोळा दुसऱ्या सकाळपर्यंत यंत्रात निवायला ठेवायचा, म्हणून दिवसाला एकच माप व्हायचं.

पहिलं माप आलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. जुळेना.

मॅडम म्हणाल्या, खोलीचं तापमान. तिसऱ्या दिवशी त्यांनी दिवे बंद केले, मला दारापासून आणखी लांब बसवलं आणि एसीवाल्याला बोलावलं. त्याने येऊन एसी ठीक आहे असं सांगितलं. एसी बिघडला की हे लोक तेच सांगतात, पण या वेळी ते खरं निघालं. माप जुळेना.

मग म्हणे वरच्या मजल्यावरच्या छापखान्याचं मशीन हादरे देतं. त्यांच्या हातापाया पडून सकाळचे दोन तास मशीन बंद ठेवायला लावलं. जुळेना.

मग हवेचा दाब. मग लेसर. पाचव्या दिवशी मॅडमनी जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन दार उघडलं. मी खुर्चीतूनच विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचंय! काल ज्या दिशेला व्यास मोठा होता, आज तिथेच लहान आहे. गोळा काय जिवंत आहे का?"

"मग यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र बरोबर आहे!"

"मग गोळाही बरोबर आहे. मी केला आहे."

त्यांनी दार आपटलं. मला त्यांचा राग आला होता हे खरं. चार दिवस मी घरातलं जेवण टाकून, मेट्रोने येऊन तिथे बसत होते आणि त्यांच्याकडे दाखवायला नवीन बहाण्याशिवाय काही नव्हतं. आमच्या कारखान्यात पट्टे वाकडे आले तर आम्ही छापखान्याला दोष दिला नसता.

सहाव्या दिवशी शेठ आला. गिऱ्हाइकाचे फोन येत होते. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, पृष्ठभागातच गडबड असेल. एक हात मार ना. विषय संपव."

"एक हात? आणि उरेल काय? तुझ्या मुलाला खेळायला गोटी?"

"थोडं मार्जिन असेल गं."

"नाहीये. मी सांगितलंय तुला."

"मग काय करू? माप नाही तर कागद नाही. कागद नाही तर गोळा म्हणजे पेपरवेट."

त्याचंही बरोबर होतं. म्हणून मला आणखी चीड आली. सगळे बरोबर होते आणि माप चूक होतं.

सातव्या दिवशी दुपारी मॅडम टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. मी धुण्यासाठी गोळा मागायला आत गेले. टेबलावर सात कागद पसरले होते, एकेका दिवसाचा एकेक. कागदावर गोळ्याची साल सोलून पसरावी तसं रंगीत चित्र होतं. जिथे उंच तिथे लाल, जिथे खोल तिथे निळं. आकडे मला कळत नाहीत, मॅडम नेहमी आकडेच बघत. मी चित्रं बघितली.

पहिल्या कागदावर वरच्या कोपऱ्यात कोलंबीसारखा वाकडा एक लाल डाग होता, शेपटी पिवळी. दुसऱ्या कागदावर तशीच कोलंबी, पण खाली, आणि उताणी. तिसऱ्यावर मध्यभागी, थोडी ताणलेली. सातही कागदांवर ती होती.

मी कोकणातली आहे. कोलंबी टोपलीत कशीही पडली तरी ओळखते.

तेवढ्यात मला कळलं. सगळंच कळलं. त्या वाट्या मला कशासाठी दिल्या होत्या तेही.

आमच्या कारखान्यात एक नियम होता. मला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने तो पहिल्याच दिवशी मला बोटांवर पट्टी मारून शिकवला होता: वस्तू ज्या अंगावरून उचलली, त्या अंगावर परत ठेवायची नाही. रोज त्याच जागेवर टेकली की तिथे टेकल्याचा डाग पडतो, झीजही एकाच बाजूला होते. म्हणून उचलायची, पुसायची आणि फिरवून ठेवायची. चाळीस वर्षं मी प्रत्येक भिंग, प्रत्येक काच अशीच ठेवली. घरी ताटंसुद्धा मी फिरवून लावते.

मॅडमनी वाट्या दिल्या तेव्हा मला वाटलं, या थरथरत्या हातांसाठी आहेत. हातातून निसटू नये म्हणून. माझे हात थरथरत नाहीत. मी त्या वाट्या बाजूला ठेवल्या, गोळा कापडात घेतला, छान पुसला आणि रोज नव्या अंगावर वाटीत परत ठेवून दिला. मॅडमना वाटत होतं गोळा जसा काढला तसाच परत येतो. वाटीतून वाटीत, न फिरता. त्यांचं यंत्र रोज त्याच दिशेला मोजत होतं आणि मी रोज त्याच्यापुढे गोळ्याची वेगळी बाजू ठेवत होते.

मी बोलले नाही.

का बोलले नाही ते लिहायला हवं. बोलले असते तर दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या असत्या. एक, आठवडाभराचं वाटोळं मी केलं. ते मी एक वेळ कबूल केलं असतं. पण दुसरी गोष्ट जड होती. गोळा खरोखर गोल असता तर तो कसाही ठेवला तरी काय फरक पडला असता? माप बदलत होतं, कारण गोळ्याला उंचवटा होता. ती कोलंबी माझ्या हाताची होती. सात दिवस त्या दारापुढे बसून मी "गोळा बरोबर आहे, मी केला आहे" म्हणत होते.

त्या दिवशी मी गोळा वाट्यांमधूनच धुतला, डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि घरी आले.

आठव्या दिवशी मॅडमनी माप घेतलंच नाही. त्यांनी यंत्राची एक काच सोडवायला घेतली. काच परत जोडून सरळ करायला आठवडा जातो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मी खुर्चीवर बसून स्क्रू काढल्याचे आवाज ऐकत होते. वाटलं, सोडवू दे. काच जोडतील, पुन्हा मोजतील, मी आता वाट्या वापरते आहेच, माप जुळेल, सगळे काचेला दोष देतील. कुणाला काही कळणार नाही. सरळ हिशेब होता.

दुपारी शेठ आला तो पेटी घेऊनच. गोळा न्यायची पेटी.

"मावशी, ठरलं. उद्या सकाळी वाटीवर चढवायचा. मी मशीन रिकामं करून घेतलंय."

"कुणी ठरवलं?"

"मी. मॅडमनाही वाटतं पृष्ठभागच असेल."

मॅडम हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "दुसरं काही उरलंच नाहीये आता."

"हद्दीच्या खाली जाईल तो," मी म्हटलं.

"गेला तर गेला, यार. निदान एक काहीतरी होईल." असं म्हणून तो पेटी उघडायला लागला.

मी उठले. "पेटी बंद कर. मॅडम, तुमची काच परत जोडा. काचेचा दोष नाही."

"मग कशाचा?"

"माझा. मी गोळा फिरवून ठेवत होते."

मॅडम म्हणाल्या, "किती फिरवता?"

"किती म्हणजे? हाताला येईल तेवढा."

"कुठल्या बाजूला?"

"रोज वेगळ्या. तोच तर नियम आहे."

मी नियम सांगितला. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. "मावशी, मी वाट्या दिल्या होत्या तुम्हाला."

"दिल्या होत्या. कशासाठी ते नाही सांगितलं."

"विचारायचं होतं ना!"

"तुम्हीही विचारायचं होतं, मावशी धुता कशा म्हणून. मला वाटलं, गोळा पडू नये म्हणून आहेत वाट्या."

"आठ दिवस, मावशी! मी एसीवाल्याला शिव्या दिल्या. त्या छापखान्यातल्या माणसाला सॉरी कोण म्हणणार?"

"मी म्हणते. मजला कितवा?"

शेठ आमच्या दोघींकडे बघत होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती. "म्हणजे गोळा गोल नाहीये?"

मी त्यांना आत नेलं, कागद पसरले आणि कोलंबीवर बोट ठेवलं. सातही ठिकाणी. "ही आहे. खरी आहे. माझा उजवा हात जास्त दाबतो, शेवटच्या महिन्यात खांदा दुखत होता तेव्हा आणखी. ही उंच राहिली."

मॅडम कागद फिरवून फिरवून बघत होत्या. एकावर एक ठेवून उजेडासमोर धरत होत्या. बराच वेळ गेला. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "एकाच दिवसात बघितलं तर सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान व्यास, दोन्ही हद्दीत आहेत. गोळा पास आहे."

"मग घासायचा नाही?" शेठने विचारलं.

"अजिबात नाही. उंचवटा आहे, पण चालेल एवढा आहे. तो कुठे आहे आणि केवढा आहे हे ठाऊक असलं की घनफळ निघतं."

"आणि या सात दिवसांचं काय?" मी विचारलं.

"फेकायचं. कुठल्या दिवशी किती फिरवला हे नेमकं सांगता येत नाही ना तुम्हाला."

"नाही."

"मग फेकायचं."

काच अर्धीच सुटली होती, तरी ती जोडून सरळ करण्यात चार दिवस गेले. मग पहिल्यापासून सुरुवात. आता धुताना मॅडम माझ्या डोक्यावर उभ्या राहायच्या. वाटीत गोळा ठेवून वरचा अर्धा धुवायचा, वर दुसरी वाटी, उलटं करायचं, खालचा अर्धा धुवायचा, परत सुलट. फिरवायचा नाही. हात आपोआप वळायला बघायचा आणि मॅडम म्हणायच्या, "मावशी!" मी म्हणायचे, "बघितलं मी." दोघीही चिडलेल्या. एकदा त्या म्हणाल्या, आसनावर टेकल्याचा डाग पडतो का ते एकदा भिंगाखाली बघायला हवं, तुमच्या नियमात काहीतरी असेल. मी म्हटलं, असेल नाही, आहे.

पहिलं माप, दुसरं माप, तिसरं माप. तिन्ही कागदांवर कोलंबी एकाच जागी, तोंड एकाच बाजूला. मॅडमनी घनफळाचा आकडा काढला. दशांशाच्या टिंबापुढे कितीतरी आकडे होते, आणि शेवटचे दोन सोडले तर तिन्ही दिवसांचे सारखे. त्यांनी मला तो मोठ्याने वाचून दाखवला. मी म्हटलं, ठीक.

कागद तयार झाला त्या दिवशी शेठ पेटी घेऊन आला. गोळा पेटीत बसवता बसवता त्याला गिऱ्हाइकाचा फोन आला. मी तिथेच हातमोजे काढत उभी होते.

"हो हो, झकास काम झालंय," तो फोनवर सांगत होता. "उशीर झाला खरा. इथे सगळे म्हणत होते पुन्हा पॉलिश करा, पुन्हा पॉलिश करा. पण मी पहिल्यापासून सांगत होतो, याला आता हात लावायचा नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हातमोजे कचऱ्यात टाकले, पिशवी उचलली आणि मेट्रोकडे निघाले.